३० फुटी शिडाच्या बोटीत ४०० किलो सामान भरलं तर ती किती खाली जाईल?

साधारण ३ सेंटीमीटर. तुम्ही लिहिलंय की बोट ४ टनांची, सामान दहा टक्के, म्हणून दीड मीटरची डूब (बोट पाण्याखाली जाते ती खोली) १५ सेंटीमीटरने वाढेल. तसं होत नाही. त्या दीड मीटरमधली बरीचशी खोली एकट्या कीलची (तळाखाली उतरणाऱ्या उभ्या पंखाची), आणि ती पात्यासारखी पातळ. नवं वजन पेलायला जास्तीचं पाणी बाजूला सारलं जातं ते पाणरेषेपाशी (पाण्याचा पृष्ठभाग बोटीला टेकतो तिथे), आणि तिथे बोट चांगली रुंद असते.

हिशेब असा: पाणरेषेवरची लांबी ७.५ मीटर, रुंदी २.६ मीटर. दोन्ही टोकं निमुळती म्हणून गुणाकाराला आणखी ०.६७ ने गुणायचं (हा आकडा बोटीच्या आकाराप्रमाणे थोडा बदलतो). क्षेत्रफळ आलं सुमारे १३ चौरस मीटर. त्यावरचा एक सेंटीमीटर जाडीचा थर समुद्राच्या पाण्यात १३४ किलो पेलतो, म्हणून ४०० किलोला ३ सेंटीमीटर. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून हीच बोट गोड्या पाण्यात नेली, तर काहीही न चढवता ७ मिलिमीटर खाली बसेल.

मला विचाराल तर किती वजन यापेक्षा ते कुठे ठेवलं याची काळजी जास्त करा. ८ मिलिमीटर जाडीची ४० मीटर नांगराची साखळी ५५-६० किलो भरते. मधोमध ठेवली तर बोट अर्धा सेंटीमीटरही उतरत नाही. नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) ठेवली तर नाळ २ सेंटीमीटर खाली आणि मागचं टोक सेंटीमीटरभर वर. नाळ जड झाली की बोट लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत घुसते. मागे भार झाला तर ट्रान्सम (बोटीची मागची सपाट भिंत) पाण्यात बुडतो, मागे पाणी ओढत नेतो आणि कमी वाऱ्यात वेग पडतो.

कागदावर विसंबू नका. पाणी स्थिर असताना नाळेशी आणि मागे, डेकच्या कडेपासून पाण्यापर्यंत टेपने मोजा. मग सामान भरा (पाण्याची टाकी विसरू नका, २०० लिटर म्हणजे २०० किलो) आणि त्याच जागी परत मोजा. मोजताना कोणी नाळेत उभं नको, आकडा बिघडतो.

३ सेंटीमीटरने बोट बुडत नाही, पण कॉकपिटची (डेकवरच्या बसायच्या खोलगट जागेची) निचऱ्याची भोकं आधीच पाण्याला टेकलेली असतील तर पाणी उलटं आत येतं. अँटीफाउलिंग रंगाची (शेवाळ धरू नये म्हणून तळाला लावतात त्या रंगाची) कडही पाण्याखाली जाते आणि तिच्या वरच्या पट्ट्यावर शेवाळ धरतं. सामान कायमचं राहणार असेल तर पुढच्या वेळी बोट वर काढाल तेव्हा ती कड ५ सेंटीमीटर वर घ्या.