दाराच्या सर्टिफिकेटला पैसे भरू नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. एअरलाइनच्या केबिन क्रूचं ऑफर लेटर हातात आहे, ट्रेनिंग पुढच्या महिन्यात आहे, आणि नाशिकमधला क्लास सांगतोय की ‘डोअर ट्रेनिंग’चं सर्टिफिकेट आधी घे, नाहीतर ड्रिलमध्ये नापास होशील. अगं, मलाही हेच सांगितलं होतं आणि बाबांनी पैसे भरलेही होते. तू भरू नकोस.

आर्म-डिसआर्म (स्लाइड, म्हणजे दार उघडताच फुगणारी सुटकेची घसरगुंडी, सज्ज करणं आणि काढणं), क्रॉस चेक (ते एकमेकींनी तपासणं) हे तुला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. दाराचं ट्रेनिंग एअरलाइन स्वतः देते, डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) मंजूर केलेल्या कार्यक्रमाप्रमाणे, आणि तुला ज्या विमानावर टाकणार त्याच विमानाचं. बाहेरचं सर्टिफिकेट तिथे कुणी विचारत नाही.

विमानागणिक दार किती बदलतं ते बघ. बोइंग 737 वर गर्ट बार (स्लाइडच्या टोकाची दांडी) वाकून, हाताने केबिनच्या जमिनीवरच्या ब्रॅकेटमध्ये बसवायचा आणि लाल पट्टा दाराच्या खिडकीवर आडवा लावायचा. तो पट्टा बाहेरच्या माणसासाठी असतो, कारण आर्म असताना हे दार बाहेरून उघडलं तरी स्लाइड फुगते. एअरबस ए320 वर आर्म करायला लिव्हर असतो, हँडल फिरवायचं नसतं तर वर उचलायचं असतं, आणि बाहेरून उघडलं तर दार आपोआप डिसआर्म होतं. आतून हँडल जरासं उचलल्यावर पांढरा दिवा लागला, तर स्लाइड अजून आर्म आहे, हात तिथेच थांबव. लाल दिवा लुकलुकत असेल तर केबिनमध्ये दाब शिल्लक आहे, दाराला हातच लावायचा नाही. आता या दोन्हींसाठी एकच सर्टिफिकेट कसं चालेल, सांग.

आमच्या क्लासमध्ये (नाव घेत नाही) प्लायवूडचं दार होतं. खिडकीच्या जागी निळ्या रंगाचा गोल काढलेला. सर म्हणायचे, जोरात ओरडा आणि हँडल ओढा. महिनोन्‌महिने तेच घोकून घेतलं. खरा क्रम असा, की आधी खिडकीतून बाहेर बघायचं: आग आहे का, पाणी आहे का, ढिगारा आहे का. मग स्लाइड आर्म आहे याची खात्री, मग दार, एका हाताने असिस्ट हँडल (दाराशेजारची आधाराची मूठ) घट्ट धरून. त्यानंतर लाल मॅन्युअल इन्फ्लेशन हँडल ओढायचं, स्लाइड फुगली हे डोळ्यांनी बघायचं, आणि मगच माणसं सोडायची. रंगवलेल्या गोलातून कोण बाहेर बघणार? एअरलाइनच्या ट्रेनरवर (सरावासाठीच्या नकली केबिनमध्ये) खिडकीत आग दाखवतात, आणि त्या क्लासमधून आलेल्या आम्हा सगळ्यांचे हात थेट हँडलवर. काहीच न शिकता आलेल्या मुली आमच्याआधी पास झाल्या. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही, कारण आग लागलेल्या बाजूचं दार उघडायला शिकवणं हा फक्त पैशांचा प्रश्न नाही.

दार अडकलं तर काय, हेही तिथे कधी कुणी बोललं नाही. 1985 मध्ये मँचेस्टरला 737 ला आग लागली, पुढचं उजवं दार सुरुवातीला अडकलं, 55 माणसं गेली. म्हणून टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी क्रू जंप सीटवर (दाराजवळच्या घडीच्या सीटवर) बसून मनात उजळणी करतात: माझं दार नाही उघडलं तर माणसं कुठे वळवायची. ही सवय मात्र तू आजपासून लावू शकतेस. सिटी बसमध्ये बसलीस तरी इमर्जन्सी खिडकी कुठे आहे ते बघ.

माझं उडणं आता बंद आहे, तेव्हा तुझ्या कंपनीचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल तर तेच धर, माझं नको.

पैसे खर्चच करायचे असतील तर पोहण्यावर कर. पाण्यातली ड्रिल असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुली तिथे घाबरतात. सावरकर तलावावर महिनाभर जा. आवाजासाठी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर जाऊन पोटातून ओरड. लोक बघतील, बघू देत.

आणि त्या क्लासकडे बारावीची ओरिजिनल मार्कशीट ठेवली आहेस का? आमच्याकडून ‘फी पूर्ण होईपर्यंत’ म्हणून ठेवून घेतली होती आणि डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनच्या आठवड्यात ऑफिसला कुलूप. मला बोर्डाच्या ऑफिसात जाऊन डुप्लिकेटसाठी अर्ज करावा लागला. दिली असशील तर आजच लेखी मागणी कर आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. विमान कोणतं मिळालं ते कळव, त्या दाराबद्दल जे आठवतं ते लिहीन.