यादी फाडू नकोस, फक्त महिनाभर बाजूला ठेव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पहिलंच भाड्याचं घर, एकटाच राहणार, डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरलं की हातात जेमतेम महिनाभराच्या खर्चापुरते पैसे उरतात. घर पसंत आहे पण करार अजून व्हायचाय. तू ४१ वस्तूंची यादी केली आहेस आणि विचारतोयस, आधी काय घेऊ, मोठ्या वस्तू हप्त्यांवर घेतल्या तर चालतील का. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. आजवर सात भाड्याच्या घरांत राहिले. पहिल्या तीन घरांत जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या, त्या भांडवलावर हे लिहितेय.

यादी नीट वाचली. मेहनत घेतली आहेस, ३७ व्या नंबरावर चपलांचं स्टँडसुद्धा आहे. पण ज्या घरात तू अजून एक रात्र झोपला नाहीस, त्या घराची ही यादी आहे. रिकाम्या घरात पंधरा दिवस काढलेस की ऊन कुठून येतं, चार्जिंगचा सॉकेट कुठे आहे, रात्री कुठल्या बाजूने आवाज येतो हे कळतं आणि निम्मी यादी आपोआप गळते. मी पहिल्या घरात हौसेने टेबल घेतलं होतं. उजेड खिडकीपाशी होता, त्यामुळे दोन वर्षं काम केलं ते खिडकीच्या कट्ट्यावर बसून. टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. महागडा ढीग.

करार व्हायचाय हे फार बरं झालं. पैसे वाचवायची खरी संधी सामान घेताना नसते, ती आत्ता असते. घर एकदा दिवसाढवळ्या पाहिलंस ना? आता दिवेलागणीनंतर पुन्हा जा. जिन्यात दिवा आहे का, शेजारी किती आवाज करतात, दुपारभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री किती गरम राहते, हे संध्याकाळीच कळतं. आत गेलास की बेसिनचा नळ पूर्ण सोड आणि तो चालू असतानाच फ्लश ओढ. नळाची धार एकदम करंगळीएवढी झाली तर रोज सकाळी तेच होणार. गळका नळ दिसला तर दुरुस्ती कोण करणार ते तिथेच विचार. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, साधारण एक बादली पाणी. पाण्याचं बिल वेगळं येत असेल तर ते तुझ्याच खिशातून जाणार.

बाथरूममध्ये गटाराचा वास आला तर लगेच घाबरू नकोस. जाळीखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच खालचा वास अडवून धरतं. घर बंद राहिलं की ते सुकतं. दोन मग पाणी ओत, अर्धा तास थांब. तरीही वास गेला नाही तर मात्र खरी भानगड आहे.

ओल हा प्रकार सगळ्यात लबाड. खोलीतल्या एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्या भिंतीकडे संशयाने बघ. तळहाताची मागची बाजू टेकवून बघ, गार आणि दमट लागते का. बोटाने टकटक कर, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. भिंतीतल्या कपाटात डोकं घालून वास घे. लोक हसतात, हसू देत. तिसऱ्या घरात मी हे केलं नाही आणि पहिल्याच पावसात कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांवर हिरवी बुरशी आली. बुरशी गेली, कपडेही गेले.

मोबाइलची रेंज प्रत्येक खोलीत बघ, दार लावून.

आता भाड्याचं. ते पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत हवं असं तुला कुणीतरी सांगितलंय आणि तुझं ३४ टक्क्यांवर जातंय म्हणून तू धास्तावलायस. हा आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमातून आलाय. १९६९ साली तिथे भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, १९८१ मध्ये ती ३० वर नेली. अंदाजाला ठीक आहे, पण ती काही दगडावरची रेघ नव्हे. भाडं आणि रोजच्या येण्या-जाण्याचा खर्च यांची बेरीज करून दोन घरांची तुलना कर. लांबचं स्वस्त घर या बेरजेत बऱ्याचदा महाग निघतं. सोसायटीचा मेंटेनन्स, पाणी, वीज, इंटरनेट यांतलं भाड्यात काय धरलंय आणि काय वेगळं द्यायचं, हेही करारात लिहून घे. तोंडी 'बघू हो, आपलंच आहे' हे वाक्य घर सोडताना कुणालाच आठवत नाही.

किल्ली हातात आली की सामान आत न्यायच्या आधी अर्धा तास फक्त फोटो आणि व्हिडिओ काढ. हे मी अगदी हात जोडून सांगते. दुसऱ्या घराच्या ओट्यावर काळा डाग होता, गरम भांडं ठेवल्याचा. माझ्या आधीच्या भाडेकरूचा पराक्रम. मी रोज पुसायचे, एकदाही फोटो काढला नाही. दोन वर्षांनी निघताना घरमालकांनी त्याच डागावर बोट ठेवलं आणि डिपॉझिटमधून ओट्याच्या अख्ख्या फरशीचे पैसे कापले. भांडायला माझ्याकडे होतं काय? तेव्हापासून प्रत्येक भिंत, फरशीचा प्रत्येक तडा, खिडकीच्या काचा, नळ, कपाटांच्या आतल्या बाजू, विजेच्या मीटरवरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढते आणि त्याच दिवशी घरमालकांना पाठवते. सोबत दोन ओळी, 'आज ताबा घेतला, घराची स्थिती अशी आहे.' फोटो नुसते आपल्या फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. पाठवले की तारीख आपोआप नोंदली जाते. मीटरचा आकडा विसरू नकोस, नाहीतर आधीच्या माणसाची वीज तू भरशील.

कुलूपही त्याच दिवशी. आधीच्या भाडेकरूंपैकी कुणाकुणाकडे किल्ल्या राहिल्यात हे घरमालकांनाही माहीत नसतं. परवानगी घेऊन कुलपाचा आतला भाग बदलून घे आणि जुना जपून ठेव, निघताना परत बसवता येतो.

पहिल्या रात्रीसाठी एक वेगळी पिशवी भर आणि ती स्वतःच्या हातात ने. टेम्पोत टाकू नकोस. बल्ब, चार्जर, टॉर्च, साबण, टॉवेल, चादर, पाण्याची बाटली, रोजची औषधं, कात्री, स्क्रू ड्रायव्हर. बादली-मग आणि झाडू लगेच लागतात. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक कढई, एक धारदार सुरी, एक ताट, एक वाटी, एक पेला. पाहुणे आले तर ते आपलं ताट घेऊन येतील, मित्र असेच असतात. खिडक्यांना पडदे नसले तरी चालतं, जुन्या चादरी आणि दोरी महिनाभर काम भागवतात. खोकी फेकू नकोस, दोन खोकी एकावर एक ठेवली की उशाशी टेबल झालं.

पैसे कुठे घालायचे तर गादीत. पलंग नंतर. नवी, साधी पण पाठीला बरी गादी घे आणि सध्या जमिनीवर टाक, फक्त सकाळी भिंतीला उभी करून ठेव, म्हणजे खालून ओल धरत नाही.

आणि गादी जुनी घेऊ नकोस. बाकी टेबल, खुर्ची, भांडी, पंखा जुना घे, खुशाल घे. पण कापड आणि फोम असलेली वस्तू म्हणजे ढेकणांची धर्मशाळा. मी एकदा जुना सोफा आणला. देणारं कुटुंब सज्जन होतं, घर लखलखीत होतं. चौथ्या दिवशी हातावर ओळीने लाल गांधी उठल्या, मला वाटलं डास. मग रात्री टॉर्च लावून शिवणीच्या घडीत जुनं बँकेचं कार्ड फिरवलं तर आत बॉलपेनाची शाई ठिबकल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यांच्यात सफरचंदाच्या बीएवढे चपटे तपकिरी जीव. ढेकूण रक्त न मिळता महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून 'सोफा तर तीन महिने पडूनच होता' या बोलण्यावर विसंबू नकोस. सोफा टाकून दिला, कपडे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या, दोनदा फवारणी करून घेतली. फुकटात मिळालेला सोफा मला नव्या सोफ्याच्या भावात पडला. लाकडी वस्तू घेतानासुद्धा सांधे, खिळ्यांची भोकं आणि खणांची खालची बाजू टॉर्चने बघ.

मोठी वस्तू घ्यायच्या आधी मोजपट्टी काढ. दाराची रुंदी सगळेच मोजतात, जिन्याचं वळण आणि छताची उंची कुणी मोजत नाही. २०० सेंटीमीटर उंच आणि ६० सेंटीमीटर खोल कपाट आडवं आत नेलंस तर उभं करताना त्याला कर्णाएवढी जागा लागते, म्हणजे जवळजवळ २०९ सेंटीमीटर. छत २०५ वर असेल तर कपाट तिरकं अडकतं आणि हमाल तुझ्याकडे बघत उभे राहतात. मी हे पाहिलंय, कपाट माझंच होतं. भाड्याच्या घरात सुट्या भागांत उघडणाऱ्या वस्तूच बऱ्या, पुढच्या घराचं दार किती रुंद असेल कुणाला ठाऊक.

फ्रिज पहिल्या महिन्यात न घेता बघ. घ्यायची वेळ आली आणि जुना घेतलास, तर दारात कागदाची पट्टी धरून दार लाव आणि पट्टी ओढ. सहज निघाली तर रबर गेलंय, थंडी बाहेर जाणार आणि बिल वाढणार. आणताना उभाच आणायला सांग. आडवा आला असेल तर घरी उभा करून काही तास तसाच ठेव, मग चालू कर, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल परत जागेवर येतं.

विजेचा हिशोब सोपा आहे. १००० वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. जुना ६० वॉटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट, तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी सव्वा-दीड युनिट. पण २००० वॉटचा पाणी तापवायचा हीटर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिट. म्हणजे रात्री दिवे विझवत फिरण्यापेक्षा हीटर दहा मिनिटं आधी बंद केलास तर जास्त वाचतं. आणि तो हीटर स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डावर कधीही लावू नकोस, वायर तापून आग लागते. एलईडी स्वतःच्या पैशांनी घेशील तर घरातले जुने बल्ब एका पिशवीत जपून ठेव. निघताना जुने लाव, आपले घेऊन जा.

आता हप्त्यांचं. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशिन, टीव्ही असे चार हप्ते, प्रत्येक हप्ता भाड्याच्या १० टक्के धरू. दुकानात प्रत्येक हप्ता चिल्लर वाटतो. पण चारही मिळून तुझं भाडं ४० टक्क्यांनी वाढलं. घरमालकांनी भाडं ४० टक्क्यांनी वाढवलं असतं तर तू हे घर घेतलं असतंस का? 'बिनव्याजी' लिहिलं असेल तर प्रोसेसिंग फी किती आणि रोख घेतलं तर सूट किती मिळाली असती, हे दोन प्रश्न विचार, व्याज कुठे लपलंय ते दिसेल. नोकरी नवीन आहे, पहिले काही महिने तरी मी एकही हप्ता डोक्यावर घेणार नाही. त्याऐवजी एका भाड्याएवढे पैसे वेगळ्या खात्यात साठेपर्यंत यादीला हात लावू नकोस. पगार आठ दिवस उशिरा झाला किंवा दात दुखायला लागला तर फ्रिज उपयोगी पडत नाही.

यादी फ्रिज नसलेल्या स्वयंपाकघराच्या दारावर आतून चिकटव. एखादी वस्तू नसल्यामुळे खरंच अडलं की तिच्यापुढे एक रेघ मार. महिनाअखेरीला जिच्यापुढे चार-पाच रेघा असतील ती आधी घे. माझ्या सातव्या घरात सगळ्यात जास्त रेघा कपडे वाळत घालायच्या दोरीपुढे होत्या, आणि ती यादीत मी सगळ्यात शेवटी लिहिली होती.

करारात घर सोडायची मुदत किती दिवसांची आहे आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे तू लिहिलेलं नाहीस. आज संध्याकाळी घर बघायला जाशील तेव्हा विचारून ये, आणि मोजपट्टी घेऊन जा.