टॅबलेट ठेवा सर, पॉलिसी परत करा

चोपड्याच्या एका सरांचं पत्र आलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३१ मे ला रिटायर झाले, वय ५८, पेन्शन महिन्याला ४२ हजार. गणपतीत त्यांनी ११ इंची टॅबलेट घेतला, २९ हजाराचा, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर, आणि तीन आठवड्यांत तो कसा वाटला ते अगदी मनापासून लिहिलंय. ई-पेपर आता डोळे बारीक न करता वाचता येतो, रात्री लाइट बंद करून वाचलं तरी मिसेसची झोप मोडत नाही, पण हातात धरून अर्धा तास झाला की मनगट दुखतं आणि बातमी वाचताना मधेच जाहिराती उड्या मारतात. प्रश्न असा की १२८ जीबीवाला घेतला ही चूक झाली का, दुकानदार म्हणतो अजून १६ हजार टाका, हा परत घेतो आणि २५६ जीबीचा पेनसकट देतो, तर घेऊ का?

आणि मग जाता जाता एक वाक्य. "बँकेतल्या साहेबांनी एफडीऐवजी ३ लाखाचा डबल होणारा प्लान दिलाय, ३ सप्टेंबरला त्याची पीडीएफ मेलवर आली ती टॅबलेटवर उघडून पाहिली, अक्षरं एकदम स्वच्छ दिसतात, त्याच्या व्याजातून टॅबलेटचे हप्ते निघून जातील." पीडीएफ सोबत जोडलीय.

सर, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. नको. तुम्हाला वाचायचंय आणि नेट बघायचंय, स्कॅन केलेलं जाडजूड पुस्तक धरलं तरी ५० एमबी, १२८ मधले १०० जीबी मोकळे धरा, दोन हजार पुस्तकं मावतात. मराठी विश्वकोश तर ऑनलाइन फुकट आहे, आपल्या पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, त्याला जागासुद्धा लागत नाही. पेनचं तुम्हाला कामच नाही. मनगटासाठी चार-पाचशेचा स्टँड घ्या, जाहिरातींसाठी ब्राउझरमध्ये रीडिंग मोड असतो तो चालू करा. आणि मे महिन्यात तो गच्चीवर किंवा गाडीत ठेवू नका, अशी यंत्रं साधारण ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेली असतात आणि आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, बॅटरी खराब होते.

नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही, एवढं लक्षात ठेवा. व्याज डिस्काउंटमधून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते, सगळं मिळून सहा-सातशे रुपये. झाले ते झाले. हप्ता मात्र एकही चुकवू नका, कार्डावर बाकी राहिली की महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० च्या वर. टॅबलेटचा विषय इथे संपला.

आता ती पीडीएफ. ती एफडीची नाही, विमा पॉलिसीची आहे. अक्षरं स्वच्छ दिसतात म्हणालात ना, मग परत उघडा आणि पहिलं पान वाचा. हप्ता ३ लाख, दरवर्षी. हप्ते भरायची मुदत १० वर्षं. पॉलिसीची मुदत २० वर्षं. सर, तुम्ही ३ लाख ठेवलेले नाहीत, तुम्ही ३० लाख भरायला सही केलीय. आणि मधे कुठलंही व्याज येत नाही, पैसे थेट वयाच्या ७८ व्या वर्षी मिळतात, त्यामुळे टॅबलेटचा एकसुद्धा हप्ता यातून निघणार नाही. तुमची वर्षाची पेन्शन ५ लाख, त्यातले ३ लाख इकडे गेले की घर चालवायला महिन्याला १७ हजार उरतात. हे त्या साहेबांना तुमचं पासबुक समोर असताना दिसत नव्हतं असं मी मानूच शकत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण पहिल्या हप्त्यावरचं कमिशन मोठं असतं आणि त्यासाठी नुकतेच रिटायर झालेले लोक हेरून गाठले जातात.

डबलचा हिशोबही करू. ३० लाखाचे ६० लाख, बरोबर. पण पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, दहावा ११ वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं. ७२ ला साडेपंधराने भागा, किती वर्षांत डबल होतं त्यावरून दर काढायची ती जुनी रीत. साडेचार-पावणेपाच टक्के येतात. साध्या एफडीपेक्षा कमी, आणि तेही २० वर्षं हात बांधून. विम्याचं म्हणाल तर मुलगी नाशिकला नोकरीला आहे, तुमच्यानंतर मिसेसना फॅमिली पेन्शन आहे, मग हा विमा कोणासाठी? टॅक्स वाचतो असंही सांगितलंय म्हणता, तर पेन्शन आणि सगळं व्याज मिळून तुमचं उत्पन्न साडेसात लाखाच्या आसपास जाईल आणि नव्या पद्धतीत १२ लाखापर्यंत टॅक्स लागतच नाही. जो टॅक्स नाही तो वाचवायला ३ लाख कशाला?

चांगली गोष्ट एवढीच की वेळ गेलेली नाही. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, त्यात कारण लिहून पॉलिसी परत करता येते आणि थोडी कापणी सोडून पैसे परत मिळतात. कापणी म्हणजे तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मेडिकल झाली असेल तर ती, आणि स्टॅम्प ड्युटी. तुम्हाला मेल ३ सप्टेंबरला आला, म्हणजे ३ ऑक्टोबरला मुदत संपते, २ ऑक्टोबरला गांधीजयंतीची सुट्टी, तेव्हा शेवटच्या दिवसावर अजिबात राहू नका, याच आठवड्यात करा.

अर्ज विमा कंपनीला द्यायचा, बँकेला नाही. हे ठळक अक्षरात वाचा कारण बँकेत गेलात की साहेब चहा पाजून म्हणतील "सर मी बघतो, पंधरा दिवस थांबा" आणि पंधरा दिवसांनी मुदत संपलेली असेल. पॉलिसी नंबर, कागद मिळाल्याची तारीख, "एफडी सांगून वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली, फ्री लूकमध्ये रद्द करावी" असं साधं मराठीत लिहा, सोबत कॅन्सल चेक, कंपनीच्या मेलवर पाठवा आणि जळगावच्या शाखेत जाऊन तोच अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या. चोपड्याहून एका दिवसाचं काम आहे. वेरिफिकेशनच्या फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणालात, साहेबांनी तसं म्हणायला सांगितलं होतं, असं लिहिलंय; त्याने घाबरू नका, फ्री लूकचा हक्क त्याने जात नाही. खात्यावरचा ऑटो डेबिटही, म्हणजे हप्ता आपोआप कापला जायची सोय, बंद करायला बँकेला वेगळं लेखी द्या.

मुदत चुकली तर १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने एक वर्ष पूर्ण झाल्यावर काहीतरी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यावर हातात येणारी रक्कम, मिळते, पण पूर्ण ३ लाख कधीच नाही. ती वेळ येऊ देऊ नका.

अजून एक घड्याळ चालू आहे, ज्याबद्दल तुम्हाला कोणीच सांगितलेलं नाही. २० जुलैला ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतलेला), फंड मिळून ३२ लाख आले, ३ तिकडे गेले, २९ लाख सेव्हिंग खात्यात पडून आहेत, कारण साहेब म्हणाले दिवाळीला अजून चांगला प्लान येतोय. दिवाळीची वाट बघू नका. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम साठीनंतरच असते असा समज आहे, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्याला रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत ते खातं उघडता येतं. आधी एकच महिना मिळायचा, नोव्हेंबर २०२३ पासून तीन झाले. तुमचे तीन महिने २० ऑक्टोबरला संपतात, मग थेट साठीपर्यंत थांबा.

सध्या तिथे ८.२ टक्के आहेत, पाच वर्षांसाठी दर पक्का, ३० लाखापर्यंत ठेवता येतात. २२ लाख टाका, दर तिमाहीला ४५ हजार खात्यात येतील, म्हणजे महिन्याला १५ हजार. आज सेव्हिंगमध्ये त्याच २२ लाखावर महिन्याला जेमतेम साडेचार-पाच हजार सुटतात. किती पैसे कधी मिळाले याचा दाखला पंचायत समितीतून काढावा लागेल, त्याला वेळ जातो, तेव्हा मागणी अर्ज उद्याच टाका. पोस्टात उघडा किंवा मोठ्या सरकारी बँकेत, दर एकच.

उरलेले ७ आणि परत येणारे ३ असे १० लाख वेगवेगळ्या मुदतीच्या एफड्यांमध्ये ठेवा, त्यातले ३ कधीही मोडता येतील असे. एका बँकेत ५ लाखापर्यंतच ठेवीला विमा असतो म्हणून दोन बँका करा. गावातल्या पतसंस्थेत दहा टक्के मिळतात म्हणून मेहुणे मागे लागलेत, त्यांना नाही म्हणा. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही आणि पैसे अडकून चकरा मारणारी माणसं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. तुमचा आणि मिसेसचा आरोग्य विमा आहे की नाही हे पत्रात नाही, नसेल तर साठीच्या आत काढा.

कंपनीची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. टाळाटाळ केली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ नंबरवर तक्रार नोंदवा, तरी ऐकलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याकडची प्रकरणं पुण्याला जातात. तो अर्ज मी लिहून देईन.