भाऊ सहीला बोलावतोय, वकिलाकडे जाऊ का?

"ताई, भावानं सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात सहीला बोलावलंय. जाऊ का नको?"

तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात बसते तेव्हा हा प्रश्न वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकते. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, तोही दबक्या आवाजात: "वकिलाकडे गेले तर माहेर तुटेल का?" मी वकील नाही. पण या दुसऱ्या प्रश्नापायी किती बायका न वाचता अंगठा देऊन मोकळ्या होतात ते बघते, म्हणून एका ताईंची गोष्ट इथे सांगते आहे. त्यांना मंगलताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंगलताईंचं लग्न १९८९ सालचं. वडील करोनाच्या काळात गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. गावी म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. जमीन भाऊच कसतो, आईचं दुखणंखुपणंही तोच बघतो. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "अक्का, सातबाऱ्यावर नाव लावायचंय, तुझी फक्त एक सही लागते." कागदाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते. लेकीनं ते वाचून दाखवले तेव्हा मंगलताईंच्या पोटात खड्डा पडला, कारण वर मथळा होता 'हक्कसोडपत्र'.

आम्ही दोघींनी तो मसुदा ओळ न् ओळ वाचला. "मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता..." अशी नेहमीची सुरुवात. पुढे, "माझा हिस्सा मला यापूर्वीच पोहोचला असून आता माझी काहीएक तक्रार राहिलेली नाही." मी विचारलं, काही पोहोचलंय का? त्या म्हणाल्या, लग्नात केलं ते, आणि दर दिवाळीला साडी. खाली मिळकतीच्या वर्णनात जमिनीचे दोन गट, म्हणजे दोन तुकडे, आणि गावठाणातलं राहतं घर. मग मी 'लिहून देणार' या रकान्यावर बोट ठेवलं. दोन नंबरला मंगलताई होत्या. एक नंबरला त्यांची आई.

"आईचं पण?" त्या एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. तोवर त्या स्वतःसाठी बोलायला तयार नव्हत्या. मला काय करायचंय जमीन, माझं सगळं चांगलं चाललंय, हाच सूर होता. आईचं नाव बघितल्यावर तो बदलला.

असा तिढा घेऊन आलेली बाई पैशाच्या लोभानं आलेली नसते. भावाचा राग, भावजयीचे टोमणे, 'हिस्सा मागितला' हा शिक्का आणि उद्या आईला भेटायला कुठल्या तोंडानं जायचं, ही भीती घेऊन ती येते. त्यात नवऱ्याकडून उलटं दडपण असतं, "सोडू नकोस, आपला हक्क आहे." दोन्हीकडून ओढाताण होते आणि मधल्यामधे तिला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारतच नाही. मी मंगलताईंना तेच विचारलं. कायदा बाजूला ठेवा, भाऊ नि नवरा दोघंही इथे नाहीत असं समजा, आणि सांगा. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "विहिरीचा गट त्यानं राबून केलाय, तो त्याचाच राहू दे. पण आईच्या डोक्यावरचं छप्पर आईच्याच नावावर पाहिजे. आणि मला कुणी फसवू नये."

वकिलाकडे घेऊन जायला एवढं पुरेसं होतं. पण त्या अडल्या. वकील म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या तारखा आल्या, गावात "बहिणीनं भावाला कोर्टात खेचलं" ही चर्चा आली. मी त्यांना परत परत सांगितलं की वकिलाला कागद दाखवला म्हणजे दावा लागत नाही, नोटीस जात नाही, भावाला कळतसुद्धा नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय वकील पुढचं पाऊल टाकत नाही. खर्चाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, आणि त्यात बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा समितीचं काम चालतं.

सोमवार मात्र तोंडावर आला होता. भावाला काय सांगायचं? इथे आम्ही खरंच वेळ घालवला. खोटं आजारपण सांगू नका म्हटलं, कारण मग पुढचा सोमवार येतोच. शेवटी त्यांनीच वाक्य जुळवलं: "मी सही करणार नाही असं म्हणत नाही. पण कागद समजून घेतल्याशिवाय करणार नाही. मला थोडे दिवस दे." माझ्यासमोर त्यांनी ते तीन-चारदा म्हणून बघितलं. पहिल्यांदा आवाज कापत होता. संध्याकाळी फोन केला. भाऊ चिडला, "कुणी शिकवलं तुला?" म्हणाला. त्यांनी वाद घातला नाही, तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला.

समितीच्या वकीलबाईंनी पहिली गाठ सोडवली ती अशी: सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला कुणाला हक्क सोडावा लागत नाही. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) फेरफार, म्हणजे नावं बदलण्याची नोंद, धरला जातो, नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आई, मुलगी, मुलगा अशी तिघांची नावं लागतात. हक्कसोड ही त्यानंतरची, अगदी वेगळी गोष्ट. दोन्ही एकच आहेत असं सांगून सह्या घेतल्या जातात. कधी मुद्दाम, कधी सांगणाऱ्यालाही फरक माहीत नसतो म्हणून.

दुसरी गाठ लग्नाच्या सालाची. गावात कुणीतरी मंगलताईंना पक्कं सांगितलं होतं, "९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत काही नाही." ही अफवा नव्हे. महाराष्ट्राच्या २२ जून १९९४ च्या दुरुस्तीत खरंच तसं होतं, आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानंच असतो, २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या यामुळे उकरता येत नाहीत.

मग त्यांनी कागदावर हिस्से मांडून दाखवले. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली धरली तर बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा, म्हणजे एक तृतीयांश. आजोबांपासून आलेली धरली तर आधी चौघांचे चार हिस्से, मग वडिलांच्या चौथाईचे तीन भाग, आणि बेरीज पुन्हा एक तृतीयांशच. मंगलताईंच्या घरात दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं. सगळ्यांच्या घरात तसं येत नाही. चुलते, आधीच्या वाटण्या, मृत्युपत्र, यातलं काहीही मधे आलं की गणित बदलतं. म्हणून शेजारणीला किती मिळालं यावर आपला हिस्सा ठरवू नये.

आईबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं. नोंदणीकृत हक्कसोड एकदा झालं की "चुकून सही केली" म्हणून ते रद्द होत नाही, फसवणूक किंवा दडपण कोर्टात सिद्ध करावं लागतं. दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठा घेतात, मजकूर मान्य आहे का विचारतात. व्यवहार न्याय्य आहे की नाही हे तपासणं त्यांचं काम नव्हे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. पण ती अट कागदात लिहिलेली असेल तरच हात बळकट राहतो. या मसुद्यात तिचा मागमूसही नव्हता.

भावाशी नंतर जे बोलणं झालं त्यात कळलं की त्याची घाई पीककर्जासाठी होती. तो लबाड होता असं मला आजही वाटत नाही. कुणीतरी त्याला सोपी वाट म्हणून हा मसुदा टाइप करून दिला होता. बँकेत चौकशी केल्यावर आई आणि बहिणीच्या संमतीपत्रावर काम भागलं. तिघांची वारसनोंद झाली. पुढे मंगलताईंनी विहिरीच्या गटातला आपला हिस्सा भावाला रीतसर सोडून दिला, आपल्या इच्छेनं, नवऱ्याला सांगून. दुसऱ्या गटात आणि घरात नाव ठेवलं. आईनं काहीच सोडलं नाही. त्या वर्षी राखीला भावाचा फोन आला नाही, दिवाळीत तो स्वतः आला. भावजय अजून तुटक बोलते. मंगलताईंना ते लागतं. पण त्या कागदावर न वाचता सही केली असती तर जे लागलं असतं त्यापुढे हे सोसवतं, असं त्या म्हणतात.

प्रत्येक गोष्टीला वकील लागतो असं नाही. वारसनोंदीचा अर्ज, सातबारा काढणं, माहितीचा अधिकार हे स्वतः करता येतं. ग्राहक आयोगातही तक्रार स्वतः मांडता येते. पण हक्क सोडणारा, देणारा किंवा जामीन राहणारा कागद पुढे आला, कोर्टाचं समन्स आलं, किंवा मुदत घातलेली नोटीस आली, तर थांबू नका. चेक न वटल्याच्या नोटिशीनंतर पैसे द्यायला पंधराच दिवस असतात. समन्स न घेता परत पाठवलं तर खटला थांबत नाही, तुमच्यामागे एकतर्फी चालतो. जाताना मूळ कागद, नोटिशीचं पाकीट तारखेच्या शिक्क्यासकट आणि घरातल्या माणसांची वंशावळ कागदावर लिहून न्या. आणि सगळं खरं सांगा, आपल्या बाजूचं अडचणीचंसुद्धा.

ज्यांची सही आधीच होऊन गेली आहे त्यांनाही सांगते. कागद नुसता स्टँपवर किंवा नोटरीसमोर झाला असेल आणि नोंदणी झाली नसेल, तर जमिनीतला हक्क तेवढ्यानं जात नाही. नोंदणी झाली असेल आणि फसवून सही घेतली असेल, तर फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं. ही मुदत कधी सुरू झाली हे वकीलच नीट सांगू शकतील, म्हणून दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा आणि या आठवड्यातच कुणाला तरी दाखवा. ओळखीचा वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा मोफत नंबर आहे.