बाथरूममागच्या भिंतीची ओल: पेंटरला आत्ता थांबवा

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरनं, कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतला जुना फ्लॅट, पहिला मजला, बाथरूमला लागून बेडरूम, त्या भिंतीला खालनं दोन-अडीच फूट पोपडे, पांढरी पावडर नि कपाटामागं काळी बुरशी. पेंटर म्हणतोय पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग मारून दिवाळीआधी चकाचक करून देतो. करून देईल की, त्याचं काय जातंय, पण पाणी आत चालू असताना वरनं रंग मारला की तो फुगून पापुद्रा सुटणारच. ती पांढरी पावडर म्हणजे सिमेंट-विटांतले क्षार, पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी वाळलं की तिथंच बसतात, म्हणजे पाणी बरेच दिवस मुरतंय.

पहिल्यांदा पाणी कुठनं येतंय ते शोधा. छताच्या कोपऱ्यात नुसते काळे ठिपके असते तर म्हटलं असतं वाफेचं आहे, एक्झॉस्ट फॅन लावा, विषय संपला. तुमचं खालनं वर चढतंय, म्हणजे एकतर फरशीखालनं, नाहीतर भिंतीतल्या पाइपातनं. यातला फरक ओळखायला सोपं आहे, टाकीचं प्रेशर पाइपात चोवीस तास असतंय, त्यामुळं पाइप गळत असला तर तुम्ही चार दिवस गावाला जाऊन आला तरी भिंत ओलीच राहणार. आणि आंघोळी बंद ठेवल्यावर ओल कमी व्हायला लागली तर नहाणीचा ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचा वाकडा भाग), ड्रेनेजचा जॉइंट किंवा फरशीच्या दर्जा, म्हणजे दोन टाइलमधल्या फटी. पाइपाचा संशय आला तर प्लंबरला हातपंप लावून प्रेशर टेस्ट करायला सांगा, गार लाइन वेगळी, गिझरची गरम लाइन वेगळी. पंपावरच्या मीटरचा काटा खाली आला तर लिकेज. टेस्ट न करताच फरशी फोडूया म्हणणारा प्लंबर असला तर दुसरा बघा.

फरशी तपासायला नहाणीच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवायचं, इंचभर पाणी भरायचं, पेन्सिलनं खूण करायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. त्याआधी खालच्यांना सांगून ठेवा, नाहीतर त्यांच्या छतातनं टपकायला लागलं की भांडण. (त्यांचं छत तसंही एकदा बघून याच, निम्मं उत्तर तिथंच मिळतंय.) पाणी उतरलं तर फरशी. नाही उतरलं आणि पाणी सोडून दिल्यावर ओल वाढली तर मग ट्रॅप नि खालचा पाइप.

नुसत्या दर्जा गेल्या असतील तर नशीब समजा. आपल्याकडं फरशी पांढरी दिसावी म्हणून दर आठवड्याला ॲसिड ओततात, ते दर्जांतलं सिमेंट खातंय. जुनी दर्ज कटरनं काढून फरशी पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा पक्का मसाला) भरायचं, ओल्यावर ते धरत नाही. पण ट्रॅपचा जॉइंटच गेला असेल तर फोडण्याला पर्याय नाही, मग खालचा भिजलेला भराव सगळा काढा, वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात, भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत, फरशी-भिंतीच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई, आणि टाइल बसवायच्या आधी परत पाणी भरून बघायचं. गवंडी म्हणेल काही गरज नाही, ऐकू नका.

आता बुरशी. बेडरूमच्या बाजूचं फुगलेलं प्लास्टर पुसून, ब्लीच लावून भागत नाही, ते विटेपर्यंत काढायलाच लागतंय. ब्लीच टाइलवर चालतंय, प्लास्टरच्या आत ते पोचत नाही. खरवडताना भिंतीवर पाणी शिंपडून घ्या म्हणजे धूळ उडणार नाही, एन-९५ मास्क नि हातमोजे घाला, पंखा बंद, दार बंद, पोरांना दुसऱ्या खोलीत ठेवा, घरात दमा असलेलं कोण असेल तर त्या दिवशी पै-पाहुण्यांकडं पाठवा. त्या भिंतीत लाइटचा बोर्ड असेल तर मेन बंद करूनच हात लावायचा. आणि ब्लीच नि ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरिन वायू तयार होतोय, बंद बाथरूममधी जिवावर बेततंय.

प्लास्टर नवीन झालं की त्याला सात दिवस पाणी मारा आणि मग वाळू द्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंत वाळायची वाट बघणं म्हणजे वैताग आहे, हवेतच एवढी ओल असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ज्यांनी घाईनं रंग मारला त्यांच्या भिंती परत फुगल्या. वाळली का बघायला हातभर प्लॅस्टिक कागद चारी बाजूनं टेपनं चिकटवून दुसऱ्या दिवशी बघा, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबा. यंदाच्या दिवाळीला ती भिंत तशीच राहिली तरी चालतंय, कपाट वीतभर पुढं ओढून ठेवा म्हणजे मागनं वारा जाईल. पीव्हीसी पॅनेल लावून झाकायचा सल्ला कोण ना कोण देणारच, तेवढं करू नका, मागं बुरशी वाढत राहते नि दिसतबी नाही.

प्रेशर टेस्ट झाली की काटा कुठल्या लाइनला उतरला ते सांगा, गरम लाइन निघाली तर गिझरपर्यंतचा तुकडा फरशी न फोडता वरनं फिरवता येतोय.