देवावर रुसलेल्या ताईंना

‘सात महिन्यांपूर्वी हे गेले. आमच्या चर्चमध्ये तेच पेटी वाजवायचे. आता मी मागच्या बाकावर बसते, गीत सुरू झालं की घसा दाटतो, शेवटच्या आशीर्वादाच्या आत उठून येते. बायका म्हणतात, रडू नका, देवाची इच्छा. रात्री चहात पोळी बुडवून खाते नि प्रार्थनेला बसते, तर देवाला बोलच लावते. विश्वास गेला का माझा? चर्चसाठी पेटी मागितली, तीही देववली नाही.’
– एक भगिनी, नगर

ताई, सलाम.

विश्वास गेलेला माणूस देवाला बोल लावायला बसत नाही, नावच घेत नाही त्याचं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढून वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटी सावरतात, स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी शास्त्रातून कोणी गाळलं नाही. आपण दफनाच्या वेळी २३वं वाचतो, ८८व्याकडे फिरकतच नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की असं बोलणारी मी एकटीच.

‘रडू नका’ म्हणणाऱ्यांना योहान ११:३५ दाखवा. दोन शब्दांचं वचन: ‘येशू रडला.’ मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचंय हे ठाऊक असून रडला.

आणि संदेष्टा एलीया. १ राजे, १९वा अध्याय. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, परत झोपतो. दूत परत उठवून म्हणतो, खा, वाट लांबची आहे. कृपा मला तरी इथे दिसते. प्रार्थना नीट जमली म्हणून हातावर ठेवलेली मजुरी नव्हे ती. तेव्हा ताई, चहात बुडवलेली पोळी म्हणजे जेवण नव्हे. शेजारणीला सांगा, आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला ये. झोप उडालीच असेल तर डॉक्टरांकडे जा. गोळी घेतल्यानं विश्वास उणा होत नाही.

रविवारी गाऊ नका. मंडळी गातेय, चालेल. आशीर्वादापर्यंत मात्र थांबून बघा, त्याला तुमच्याकडून काहीच लागत नाही.

पेटी राहू द्या घरात. मागणाऱ्यांना सांगा, सध्या नाही. फक्त पावसाळ्यात अधूनमधून उघडून भाता हलवा, दमट हवेत पट्ट्या अडकतात.