सिव्हिलला रुजू होताना

चि. मुली,

हाऊस सर्जनशिप, म्हणजे एमबीबीएसनंतरचं इंटर्नशिपचं वर्ष, ही नुसती हमाली, असं सीनियरांनी तुला सांगितलंय म्हणे. रक्त काढा, फॉर्म भरा, रिपोर्टमागे धावा. खोटं नाही ते. पण जिल्ह्याचं इस्पितळ त्या हमालीवरच चालतं, हे कुणी सांगितलं नसेल.

२००५ साली बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि बेळगावचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा इस्पितळ, त्याला जोडलं गेलं. लोकांना वाटतं, त्यामुळे पोरांची डॉक्टर व्हायची सोय झाली. माझ्या मते मोठी सोय पेशंटची झाली. जिथे शिकवतात तिथे रात्री दोन वाजतासुद्धा कुणीतरी जागं असतं, आणि त्याला अडलं तर उठवायला वरचा माणूस असतो. तालुक्याच्या दवाखान्यात एका विषयाचा एकच डॉक्टर, तोही असला तर.

सर्पदंशाचंच घे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून पेशंट येईल. सोबतचे सगळे एकदम बोलतील, कुणीतरी मेलेला साप पिशवीतून आणलेला असेल. तू आधी परीक्षानळी शोध. साध्या काचेची, नवी, कोरडी. साबणाने धुतलेली नको. दोन मिली रक्त घालून वीस मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं धरून चालायचं आणि सापाची लस सुरू करायची. गोठलं तरी गाफील राहू नकोस, पुन्हा कर. (चापडा या सापावर ही लस चालत नाही. ती फक्त नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते.)

मण्यार तर रक्ताच्या चाचणीला दादच देत नाही, तिचं विष श्वासाचे स्नायू लुळे करतं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, दाताची खूणही सापडत नाही, आणि पापण्या जड व्हायला लागतात. त्याला एका श्वासात आकडे म्हणायला लाव, मराठीत म्हणो की कन्नडमध्ये. कुठवर पोचला ते वेळेसकट केसपेपरवर लिही, थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लाव. पंचविसाचे पंधरा झाले की सरांना झोपेतून उठवायचं. रागावतील म्हणून थांबायचं नाही, व्हेंटिलेटरची तयारी तेवढ्या वेळातच करायची असते. हे पुस्तकात दोन ओळींत आहे, पण हाताला वळण लागतं ते अशा रात्रींनीच.

मग फॉर्म. २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवावी लागते. कंटाळवाणं काम, कबूल. पण कुठल्या आरोग्य केंद्रात किती लस ठेवायची, हे अशा नोंदींशिवाय कोण सांगणार?

रेफरलच्या चिठ्ठीचंही तसंच. आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण इमर्जन्सी नसेल तर मोठ्या उपचारासाठी खाजगीत जायला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. 'हायर सेंटर' एवढंच खरडून माणसाला वाऱ्यावर सोडू नकोस. आपल्याकडचे लोक कोल्हापूरचं सीपीआर इस्पितळ, मिरज, चोर्ला घाट उतरून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ, असे कुठेही धावतात. गोव्यात २०१८ पासून परराज्यातल्या पेशंटला पैसे पडतात, हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. काय आजार, काय दिलं, का पाठवतोय आणि खर्च कशात बसेल, हे लिही आणि नातेवाइकाला बसवून सांग.

आणि खेड्यातल्या नर्सबाईंना कमी लेखू नकोस. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्यांनी रोखता येतो का, याचा अभ्यास याच जिल्ह्यातल्या गावांत, १६२० बायांवर झाला. गोळ्या दिल्या त्या उपकेंद्रांच्या एएनएमनी, म्हणजे अशाच नर्सबाईंनी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं आणि २००६ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुझं डिस्चार्ज कार्ड शेवटी अशाच एखाद्या बाईंच्या हातात जाणार आहे. अक्षर वाचता येईल असं काढ, पुढची तारीख घाल.

मेडिसिनची पोस्टिंग भातलावणीच्या दिवसांत आली तर नाइट ड्युटी मागून घे.

तुझा,
काका